मूल सांभाळणाऱ्या सेवांच्या प्रसिद्धीत मुलांचे चेहरे नकोत, पालकांना उत्तरे हवीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या व्यक्ती पुरवणाऱ्या संस्था हल्ली सरळ जाहिरात करण्याऐवजी पालकांसाठी लेख, सूचना आणि छोटे व्हिडिओ प्रसिद्ध करून आपला परिचय करून देतात. व्यवसायाच्या भाषेत याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. ही पद्धत जुनी आणि मुळात चांगली आहे. शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी एक नियतकालिक सुरू केले, त्यामागेही आधी ग्राहकाच्या उपयोगी पडावे आणि विक्रीचे नंतर बघावे हाच विचार होता. अशा सेवांसाठी मजकूर लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम मी करते. या क्षेत्रात त्या मूळ विचाराला बगल दिली जात असल्याचे रोज दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपले मूल पहिल्यांदाच परक्या व्यक्तीच्या हाती देणाऱ्या आईवडिलांच्या मनात अगदी नेमके प्रश्न असतात. येणारी व्यक्ती कोण, तिची पडताळणी कोणी आणि कशी केली, ती ऐन वेळी आजारी पडली तर बदली कोण येणार, त्या बदली व्यक्तीला मुलाने आधी कधी पाहिले आहे का, मुलाला ताप आला तर पहिला फोन कोणाला जाणार? बहुतेक सेवांच्या पानांवर ‘प्रेमळ’, ‘विश्वासू’, ‘घरच्यासारखी काळजी’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि या प्रश्नांची उत्तरे मात्र सापडत नाहीत. माझ्या मते अशा सेवेने सर्वांत आधी लिहावे ते पान पडताळणीचे. कोणती ओळखपत्रे पाहिली जातात, आधीच्या कुटुंबांशी प्रत्यक्ष बोलणे होते की केवळ शिफारसपत्रावर भागवले जाते, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कधी झाले आणि त्याची उजळणी केव्हा होते, हे सगळे त्यात यावे. पडताळणीला मर्यादा असतात, हेही तिथेच सांगावे. एखाद्या व्यक्तीविरुद्ध नोंद सापडली नाही, याचा अर्थ नोंद सापडली नाही एवढाच होतो, आणि म्हणूनच सुरुवातीचे काही दिवस पालकांनी घरी थांबावे, असा आग्रह सेवेने स्वतःहून धरायला हवा. हे वाक्य लिहायला व्यावसायिक घाबरतात, पण जाणत्या पालकाचा विश्वास नेमका याच वाक्याने बसतो.

दुसरा भाग मुलांच्या वाढीविषयीच्या माहितीचा. साधारण आठ-नऊ महिन्यांचे बाळ आई नजरेआड होताच रडू लागते, अनोळखी माणसाकडे जात नाही, आणि नेमक्या याच काळात अनेक पालक कामावर परतण्याची तयारी करत असतात. हे रडणे वाढीचा स्वाभाविक टप्पा आहे. सांभाळणारी व्यक्ती सुरुवातीला पालकांच्या उपस्थितीतच बाळाशी खेळली, पालक आधी थोडा वेळ आणि मग जास्त वेळ बाहेर गेले, जाताना गुपचूप न निसटता रोज त्याच पद्धतीने निरोप घेऊन गेले, तर बाळाला सवय होणे सोपे जाते. रात्री उशिरा मोबाइलवर याच प्रश्नाचे उत्तर शोधत बसलेल्या आईसाठी असा एक शांतपणे लिहिलेला लेख रोजच्या शुभेच्छांच्या पोस्टपेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि तो अनेक वर्षे वाचला जातो.

मात्र आरोग्याविषयी लिहिताना ढिलाई अजिबात चालत नाही. एक वर्षाखालील बाळाला पाठीवर, घट्ट व सपाट गादीवर झोपवावे, जवळ उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, हा बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे. अमेरिकेत १९९४ साली यासाठी मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक होणारे बालमृत्यू लक्षणीयरीत्या घटले. असे असताना सुरक्षित झोपेवरच्या लेखासोबतच उशांच्या गराड्यात पालथ्या झोपलेल्या गोंडस बाळाचे छायाचित्र छापलेले मी अनेकदा पाहिले आहे. घशात काही अडकल्यास करायच्या उपायांचेही तसेच आहे. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नसतो, पाठीवर थापा आणि छातीवर दाब ही त्याच्यासाठीची पद्धत आहे, पण घाईत केलेल्या व्हिडिओत मोठ्या मुलांची पद्धत सर्रास सगळ्यांसाठी दाखवली जाते. म्हणून अशा प्रत्येक लेखावर तो कोणत्या जाणकाराने आणि केव्हा तपासला याची नोंद असलीच पाहिजे.

सर्वांत गंभीर बाब मुलांच्या छायाचित्रांची आहे. ग्राहकांच्या मुलांचे हसरे चेहरे हा या व्यवसायाच्या प्रसिद्धीचा सर्वांत सोपा मार्ग झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने कलम १६ मध्ये मुलांचा खासगीपणाचा हक्क मान्य केला आहे, आणि दोन वर्षांचे मूल स्वतःच्या चित्राला संमती देऊ शकत नाही. पालकांची संमती घेतली, असे उत्तर मिळते. पण ही संमती बहुधा सेवेच्या कराराच्याच एका कलमात असते आणि मूल सांभाळायला माणूस हवाच असलेल्या पालकांना तिथे नाही म्हणणे अवघड जाते. ती स्वतंत्र कागदावर, नाकारली तरी सेवेत फरक पडणार नाही अशा शब्दांत घ्यावी आणि कधीही मागे घेता यावी. त्याहून चांगले म्हणजे चेहरा दाखवूच नये. ‘आज सकाळी बागेत’ अशा ओळीसह टाकलेले चित्र हे मूल रोज कोणत्या वेळी, कुठे, आईवडिलांशिवाय असते, हे परक्यांना सांगत असते. शिवाय चित्रण करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष त्या क्षणी मोबाइलकडे असते. लहान मूल थोड्याशा पाण्यातही आवाज न होता बुडू शकते. म्हणून कामाच्या वेळेत चित्रण करायचे नाही, असा नियम सेवांनी करावा आणि तो अभिमानाने जाहीर करावा.

सांभाळणाऱ्या स्त्रियांचाही इथे विचार व्हायला हवा. घरकामगारांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली १८९ वा करार स्वीकारला, त्यात कामाचे तास आणि विश्रांती यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘ती आमच्या कुटुंबातलीच’ या भावनेच्या आड तिचे तास, सुट्टी आणि मोबदला झाकला जाऊ नये. तिच्या अनुभवाबद्दल आणि कौशल्याबद्दल लिहावे, तेही तिला विचारून.

गुन्ह्यांच्या बातम्या दाखवून पालकांना घाबरवणे आणि स्वतःच लिहिलेले खोटे अभिप्राय छापणे, या दोन्ही प्रकारांना तर कोणत्याही कारणाने स्थान असू नये.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. अशा सेवांचा पैसे घेऊन छापलेला मजकूर पुरवण्यांमध्ये पुष्कळदा लेखाच्याच रूपात येतो. तो जाहिरात असल्याचे ठळकपणे लिहावे, त्यातील आरोग्यविषयक सूचना छापण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्याव्यात, आणि ओळखू येईल असे मुलाचे छायाचित्र असल्यास पालकांची स्वतंत्र लेखी संमती पाहिल्याशिवाय ते स्वीकारू नये.

आपली विश्वासू,
एक वाचक