एल्फ्रिडा डाइक ‘साथ’ द्यायला गेल्या नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या निर्वासितांना बोटींनी पॅराग्वेकडे नेणाऱ्या पीटर डाइक यांच्यावरचा लेख दुपारी वाचला, संध्याकाळी पुन्हा वाचला. रात्री झोप लागेना, म्हणून सकाळचा चहा झाल्याबरोबर हे पत्र लिहायला बसले आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे, विषयही मराठीत फारसा न आलेला, त्याबद्दल आभार. पण अख्ख्या पानात एक वाक्य असे आहे: ‘या कार्यात पत्नी एल्फ्रिडा यांची त्यांना मोलाची साथ लाभली.’ त्या बाईंच्या वाट्याला एवढेच आले. नाव एकदा, आणि पुढे ‘मोलाची साथ’.

मी चौतीस वर्षे सरकारी रुग्णालयांत नोकरी केली, अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि परिसेविका (वॉर्डची सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. ‘मोलाची साथ’ हे शब्द कुठे वापरतात ते मला चांगले माहीत आहे. काम कोणी केले हे सांगायचे नसले की वापरतात.

एल्फ्रिडा, माहेरच्या क्लासेन, कॅनडातल्या विनिपेगला नर्सिंग शिकलेल्या होत्या. १९१७ सालचा रशियातला जन्म, लहानपणीच घरच्यांबरोबर कॅनडात आलेल्या. मेनोनाइट हा शस्त्र हाती न धरणारा ख्रिस्ती पंथ; त्यांच्या मदतसंस्थेने, मेनोनाइट सेंट्रल कमिटीने, त्यांना १९४२ मध्ये इंग्लंडला पाठवले ते नर्स म्हणून, भर युद्धात, अटलांटिकमध्ये पाणबुड्या बोटी बुडवत होत्या तेव्हा. पीटर यांच्याशी त्यांचे लग्न झाले ऑक्टोबर १९४४ मध्ये. मग त्याआधीची दोन वर्षे त्या कोणाला साथ देत होत्या? त्यांना स्वतःची नेमणूक होती, स्वतःचे शिक्षण होते. नवरा नंतर आला.

युद्धानंतर दोघे हॉलंडला आणि मग बर्लिनला गेले, हे लेखात आहे. युक्रेनमधून पळून आलेली मेनोनाइट माणसे तिथे अमेरिकन सैन्याच्या ताब्यातल्या भागात जीव मुठीत धरून बसली होती, कारण रशियन अधिकारी त्यांना आपले नागरिक म्हणून परत मागत होते. त्यांत पुरुष कमी होते, हे मात्र लेखकाने का सांगितले नाही कळत नाही. १९३७-३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी कितीतरी घरांतले कर्ते पुरुष रात्री उचलून नेले, ते परतलेच नाहीत. उरलेले युद्धात गेले. राहिल्या बायका, म्हाताऱ्या आणि पोरे. अशा छावणीत सगळ्यात जास्त काम कोणाला पडते? दूध आटलेली आई, खरजेने भरलेले मूल, उवा, हगवण, आणि नवरा जिवंत आहे की नाही हे माहीत नसलेली बाई रात्री दोनला उठून बसते ती. हे सगळे नर्सच्या पदरात येते.

आणखी एक गोष्ट सुटली आहे, ती तर आम्हा रुग्णालयातल्या लोकांना आधी दिसावी. कॅनडात जायचे तर वैद्यकीय तपासणी पार करावी लागे. डोळ्यांना खुपऱ्या असल्या, छातीवर डाग दिसला, की नकार. पॅराग्वेने असा चाळणीचा खेळ केला नाही. तिथे १९२१ च्या कायद्याने मेनोनाइटांना लष्करी सेवेतून सूट मिळालेली होती, तिथल्या चाको नावाच्या रानात त्यांच्या वसाहती आधीच होत्या, आणि म्हातारे, पांगळे, आजारी सगळे चालणार होते. म्हणजे इतर देशांनी बाजूला काढलेले पेशंटच पॅराग्वेकडे निघालेल्या या बोटींवर होते. १ फेब्रुवारी १९४७ ला जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदरातून ‘व्होलेंडाम’ बोट निघाली तेव्हा तिच्यावर २३०३ निर्वासित होते. पॅराग्वेच्या वाटेवर, अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसला पोचायला तीन आठवडे लागले. साठ खाटांच्या वॉर्डात नव्वद पेशंट मी सांभाळले आहेत, जमिनीवर गाद्या टाकून, आणि आठ तासांनी घरी गेले आहे. तीन आठवडे, समुद्रात, घरी न जाता, २३०३ माणसे. लेखकाने हा आकडा दिला आहे, पण त्यापुढे थांबून विचार केलेला दिसत नाही.

१९४८ च्या मे महिन्यात ‘चार्ल्टन मोनार्क’ बोटीवरून ७५८ जण निघाले. त्या खेपेची जबाबदारी एल्फ्रिडांवर होती. बोट वाटेत वारंवार बंद पडली आणि शेवटी कशीबशी ब्राझीलच्या रेसिफेला लागली. तेव्हा बाईंचे वय होते ३१. लेखात या बोटीचे नावसुद्धा नाही.

मला हे एवढे का लागले ते सांगते.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपलेले असताना. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातून आमचे पथक गेले. दोन डॉक्टर, पाच नर्स, एक ड्रायव्हर. पाऊस पडत होता, मातीच्या भिंती पडलेल्या, सगळा चिखल. एका शाळेच्या व्हरांड्यात वातीच्या स्टोव्हवर भगोणे ठेवून आम्ही काचेच्या सिरिंज उकळत होतो, कारण धनुर्वाताच्या इंजेक्शनांची रांग संपत नव्हती. मी शाळेतलीच एक फुलस्केप वही घेतली आणि रेघा मारल्या. नाव, गाव, कुठे लागले, कोणी आणले, घरातले कोण जिवंत, पुढे कुठे पाठवले. हे मला कोणी सांगितले नव्हते. शिकताना आमच्या पाठ्यनिर्देशिका बाई म्हणायच्या, ‘आधी नाव विचार, मग नाडी धर.’

तिसऱ्या दिवशी सास्तूरचा एक माणूस आला. तो आईला शोधत होता. तीन ठिकाणी जाऊन आला होता. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून मी वही उघडून पहिल्या पानापासून नावे वाचू लागले. तो प्रत्येक नावाला मान हलवून ‘नाही’ म्हणत होता. चौथ्या पानावर मी एक नाव वाचले आणि मान हलली नाही. तो मटकन चिखलात बसला. आई सोलापूरला हलवलेली होती, पाय मोडला होता, पण जिवंत होती.

पुढच्या वर्षी पथकांच्या कामाची एक पुस्तिका निघाली. ती कोणी काढली ते लिहीत नाही. त्यात आमच्या पथकाचा फोटो होता: डॉक्टर पेशंटवर वाकलेले, आणि वरच्या कोपऱ्यात सलाईनची बाटली धरलेला एक हात, कोपरापर्यंत. तो हात माझा आहे. स्टरिलायझरने भाजल्याचा डाग मनगटावर आहे, त्यावरून मी ओळखला. खाली ओळ होती: ‘डॉक्टर व सहकारी’. ‘बेपत्तांची नोंद ठेवण्याचे मौलिक कार्य पथकाने केले,’ असेही आत छापले होते. वही नंतर कुठे गेली ते मला आजवर कळलेले नाही. मी दोनदा अर्ज केला, उत्तर आले नाही. डॉक्टरसाहेब चांगले होते, त्यांनी जीव तोडून काम केले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी तिथे साथ द्यायला गेले नव्हते. माझी ड्यूटी होती आणि मी ती केली.

म्हणून एल्फ्रिडाबाईंचे ते एक वाक्य वाचून माझा तोल गेला. पीटर आणि एल्फ्रिडा दोघांनी मिळून साडेपाच हजारांच्या आसपास माणसे समुद्रापार नेली. स्वतःच्या आठवणींचे पुस्तकही दोघांच्या नावाने आहे. त्यांनी नावे बरोबरीने लावली, मग आपण मराठीत आणताना एक नाव का गाळायचे?

आता फोटोबद्दल. लेखासोबत आपण घोड्याची काळी बग्गी आणि टोपीवाला दाढीवाला शेतकरी छापला आहे. ते आमिश लोक. ते १६९३ च्या सुमारास याकोब अम्मान यांच्या मागे वेगळे झाले. मेनोनाइट हे नाव मेनो सिमन्स या डच धर्मोपदेशकावरून आले आहे, आणि शस्त्र हाती धरायचे नाही हा त्यांचा बाणा. त्यांतले बहुतेक जण तुमच्याआमच्यासारखेच कपडे घालतात आणि मोटार चालवतात. आपल्या वाचकांना हे लोक परकेही नाहीत. १८९९ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मेनोनाइट मिशन धमतरीला आले. आज ते छत्तीसगडमध्ये असले तरी तेव्हाच्या मध्य प्रांतात होते आणि राजधानी आपले नागपूर होती. तिथे त्यांनी रुग्णालय काढले, नर्सिंगचे शिक्षण सुरू केले. ‘आधी नाव विचार’ म्हणणाऱ्या आमच्या पाठ्यनिर्देशिका बाई धमतरीलाच शिकलेल्या होत्या. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडला नाही तर सगळी खाट पुन्हा करायला लावायच्या.

आणि लेखात तीन ठिकाणी ‘सुश्रुषा’ छापले आहे. शब्द ‘शुश्रूषा’ असा आहे. ज्या कामावर आम्ही जन्म घालवला त्याचे नाव तरी नीट छापत जा.

पुढच्या रविवारी दुरुस्ती येईल अशी अपेक्षा आहे. त्यात ‘पत्नी’च्या आधी ‘नर्स’ लिहावे, आणि बग्गी काढून एल्फ्रिडाबाईंचा फोटो लावावा, पूर्ण.

आपली,
एक निवृत्त परिसेविका