ते गाणे डॉली पार्टन यांचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवारच्या पुरवणीत अमेरिकन गायिका आणि गीतकार डॉली पार्टन यांच्यावरचा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून आज सकाळी आधी हे पत्र लिहायला बसले. लेखाची अर्धी जागा त्यांच्या केसांच्या टोपांना, नखांना आणि चमचमत्या कपड्यांना दिली आहे. ते मी एक वेळ सोडून देते, कारण त्या स्वतःही त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. पण नखांवर लिहायचेच होते, तर 'नाइन टू फाइव्ह' हे गाणे सुचताना त्यांनी तीच नखे एकमेकांवर घासून टाइपरायटरसारखा ठेका धरला होता आणि तो आवाज पुढे रेकॉर्डिंगमध्येही घेतला, हे लिहायला हवे होते. १९८१ मध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

फोटोखालची ओळ मात्र सोडून देता येत नाही. 'व्हिटनी ह्यूस्टनचे अजरामर गाणे गाणाऱ्या डॉली पार्टन' असे तिथे छापले आहे. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणे डॉली पार्टन यांनी लिहिले. चालही त्यांचीच. पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमात त्या सात वर्षे गात होत्या. तो सोडून स्वतःच्या वाटेने निघताना वॅगनर यांचा निरोप घेण्यासाठी त्यांनी ते केले. १९७४ साली त्यांनीच ते आधी गायले आणि कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले. व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते गायले १९९२ मध्ये. फार सुंदर गायले, १४ आठवडे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते, आणि आजही ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. पण ते 'त्यांनी गायले' असे म्हणा. 'त्यांचे' म्हणू नका.

प्रख्यात अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली यांनाही हे गाणे गायचे होते, एवढे एक वाक्य लेखात आहे. त्यापुढची गोष्ट तुमच्या लेखकाने का गाळली? एल्विस यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी गाण्याच्या प्रकाशनहक्कातला, म्हणजे गाण्यातून लिहिणाऱ्याला मिळणाऱ्या कमाईतला, अर्धा वाटा मागितला होता. वाटा दिला नाही तर एल्विस गाणार नाहीत, अशी अट. समोर एल्विस, आणि इकडे तिशीही न गाठलेली, नुकती स्वतंत्र झालेली बाई. तिने नाही म्हटले. त्या दिवशी रात्रभर रडले, असे त्या स्वतः सांगतात. त्यांची साठ वर्षांची कारकीर्द मला या एका नकारात दिसते, आणि तुमच्या लेखात नेमका तोच नाही.

हे इतके का लागले, ते सांगते. मी प्राथमिक शिक्षिका होते. शाळेला पंचवीस वर्षे झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला शाळेवर गीत करायला सांगितले. घरची मुले झोपल्यावर तीन रात्री बसून मी ते लिहिले आणि आमच्या एका गुरुजींनी पेटीवर चाल बसवली. आवारात मोठी चिंच होती. शाळेचा पहिला वर्ग तिच्याखालीच भरला होता, म्हणून ध्रुवपदात 'चिंचेच्या सावलीत' असे शब्द होते. ते गीत दर स्नेहसंमेलनात म्हटले जाऊ लागले. मी निवृत्त झाले, नंतर नव्या खोल्यांसाठी चिंच तोडली, तरी गीत चालू राहिले.

गेल्या जानेवारीत संमेलनाचे आमंत्रण आले म्हणून गेले. निवेदक म्हणाले, 'आता ऐकू या एक पारंपरिक शालेय गीत.' मुलांनी म्हणायला सुरुवात केली, तर 'चिंचेच्या'ऐवजी 'विद्येच्या सावलीत'! स्मरणिका उघडून पाहिली. 'गीत : पारंपरिक'. त्याच पानावर नृत्य बसवणाऱ्यांचे नाव होते, ध्वनिव्यवस्थेचे होते, मंडपवाल्याचेसुद्धा होते. कार्यक्रम संपल्यावर मी विचारले, तर उत्तर मिळाले, 'बाई, गाणं सगळ्या शाळेचंच ना? त्यात नाव कशाला हवं?' मी मानधन मागायला गेले नव्हते. शाल-श्रीफळही नको होते. ती चिंच आता फक्त त्या एका शब्दात उरली होती, आणि तो शब्द मला न विचारता पुसला गेला. नाव असते तर निदान बदलण्याआधी कोणी मला विचारले असते.

डॉली पार्टन यांच्या आईने चिंध्या जोडून त्यांच्यासाठी कोट शिवला होता. त्यावरचे 'कोट ऑफ मेनी कलर्स' हे गाणे त्यांनी दौऱ्याच्या बसमध्ये, हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून, वॅगनर यांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर लिहून काढले. उद्या कोणी तो कोट रेशमी करून टाकला तर चालेल का? शब्द कोणाचा आहे हे ठाऊक असले म्हणजे त्याला हात लावताना माणूस थांबतो. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातल्या गाण्यांसाठीही गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कायद्याने राखला गेला. पण आपल्या बोलण्यात अजूनही गाणे गाणाऱ्याचेच, नाहीतर पडद्यावर ओठ हलवणाऱ्याचे. आमच्या लहानपणी रेडिओवर गाणे लागण्याआधी गीत कोणाचे, संगीत कोणाचे हे सांगत. मला कितीतरी कवींची नावे अशी कानांवर पडून पाठ झाली.

माझी लेक अमेरिकेत, टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलला राहते. तिच्या मुलाला जन्मापासून दरमहा टपालाने एक पुस्तक येत असे, फुकट, पाकिटावर त्याचे स्वतःचे नाव. ही डॉली पार्टन यांची 'इमॅजिनेशन लायब्ररी'. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी म्हणून त्यांनी ती १९९५ मध्ये आपल्या गावाकडच्या सेव्हिअर काउंटीत सुरू केली, आणि आजवर २० कोटींहून जास्त पुस्तके मुलांच्या घरी गेली आहेत. मी तिकडे होते तेव्हा लेकीने सेव्हिअरव्हिलला नेऊन तिथल्या न्यायालयासमोरचा त्यांचा पुतळा दाखवला. अनवाणी, हातात गिटार. त्यावर कबुतरे घाण करतात म्हणून त्यांचे वडील रात्री साबणाचे पाणी घेऊन जात आणि पुतळा घासून धूत, असे त्यांनी सांगितले आहे. ते ऐकल्यापासून त्या मला परक्या वाटत नाहीत. चार वर्षांच्या पोराचे नाव पाकिटावर छापणाऱ्या बाईच्या फोटोखाली तुम्ही तिचे गाणे दुसऱ्याच्या नावावर टाकले, याचा मला खरोखर राग आला आहे.

आणखी एक. त्याच पुरवणीत पान तीनवर पावसाची कविता आहे, खाली 'व्हॉट्सॲपवरून साभार'. व्हॉट्सॲप कविता लिहीत नाही. ती कोणीतरी, कुठेतरी, घरचे काम उरकून लिहिली असेल. आभार त्या माणसाचे मानायला हवेत, आणि तो सापडत नसेल तर सापडेपर्यंत कविता छापू नये. गेल्या वर्षभरात असे मी चार वेळा पाहिले आहे आणि दर वेळी गप्प बसले.

येत्या रविवारी फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी, तीही कोपऱ्यात नको, लेख ज्या पानावर होता त्याच पानावर. गीत आणि संगीत : डॉली पार्टन, एवढे पुरे.

माझे नाव आणि पत्ता पाकिटावर आहे, तुमच्या नोंदीसाठी. पत्राखाली मात्र ते छापू नये. माझे नाव आले की शाळा कोणती हे आमच्या तालुक्यात लगेच कळेल. तिथे अजून माझ्या विद्यार्थ्यांची मुले शिकतात, आणि ती सगळी ते गीत मनापासून म्हणतात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा