मास्टर सिलिंडर मोठा, म्हणून ब्रेक जास्त?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या ड्रॅग गाड्यांवरचा, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांवरचा, लेख वाचला. इंजिन, कार्ब्युरेटर, मागचे रुंद टायर, सगळं मन लावून लिहिलं आहे. पण पाव मैलाची रेषा ओलांडल्यावर ती गाडी थांबते कशी, यावर अवाक्षर नाही. या गाड्यांचे ब्रेक बसवणं हेच माझं काम, म्हणून राहवलं नाही.

'मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर टाका, ब्रेक जोरात लागतील' असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा पंप, आणि बोअर म्हणजे त्याचा आतला व्यास. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. शर्यतीचा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) टाकलेल्या इंजिनाला आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना, पुरेसा व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे बूस्टर बहुधा काढूनच टाकतात. मग उरतो फक्त पायाचा जोर. पायाने ४५ किलो जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर ६:१ असलं, म्हणजे पेडलच्या तरफेने जोर सहापट होत असला, तर सिलिंडरच्या पिस्टनवर २७० किलो येतात. बोअर १ इंच असेल तर तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण ५३ किलो, ७/८ इंच असेल तर जवळपास ७० आणि १ १/८ इंच असेल तर जेमतेम ४२. पाय तोच, पेडल तेच!

अर्थात लहान बोअर तेल कमी ढकलतो. कॅलिपरचे, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन मोठे असले तर पेडल तळाला टेकेल. म्हणून आधी चाकांवर काय आहे ते बघायचं, मग पेडल मोजायचं आणि बोअर शेवटी ठरवायचा. बूस्टरसाठी बनलेलं पेडल बरेचदा ४:१च्या आसपास असतं. ते तसंच ठेवून नुसता सिलिंडर बदलण्यात अर्थ नाही.

१९६७च्या आधीच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत एकाच कप्प्याचा सिलिंडर असे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तो मूळचा आहे म्हणून जपणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, तो कपाटात जपा, गाडीत दोन कप्प्यांचाच बसवा. पुढे डिस्क लावल्या असतील तर ड्रम ब्रेकसाठी नळीत थोडा दाब टिकवून ठेवणारा सुमारे १० पीएसआयचा (चौरस इंचाला १० पौंड) रेसिड्युअल व्हॉल्व्ह त्या बाजूला राहिलेला नाही ना, हेही तपासा. राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. आणि बूस्टर नसताना, पेडलचा जोर पोचवणारा पुशरॉड ज्यात टेकतो तो पिस्टनचा खड्डा खोलच हवा. उथळ असला तर पुशरॉड निसटू शकतो, आणि मग पेडल दाबून काहीच होत नाही.

आपला,
एक ब्रेक मेकॅनिक