ऑलिंपिकला जोडीने जाताना

संपादक महोदय,

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला (१४ ते ३० जुलै) जोडीने जायचा बेत बेळगाव-खानापूर-निपाणीत कुणाचा शिजत असेल, तर आधी कागद पाहा. घोळ होतो तो नावाचा. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव, विमानाच्या तिकिटावर सासरचे! तिकीट पासपोर्टप्रमाणेच काढावे. आडनाव बदलायचेच असेल तर आधी नवा पासपोर्ट, मग व्हिसा. अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज आणि १८५ डॉलरचे मूळ शुल्क प्रत्येकाचे वेगळे. नवरा-बायको म्हणून एका अर्जात भागत नाही. सामन्याचे तिकीट हाती असले तरी व्हिसा मिळेलच असे नाही. क्रिकेट पोमोनात, शहराच्या मध्यापासून सुमारे ५० किलोमीटर पूर्वेला, आणि उद्घाटनाआधीच १२ जुलैला सुरू. फक्त क्रिकेटसाठी जाणाऱ्यांनी हॉटेल त्याच बाजूला घ्यावे.

– एक वाचक दाम्पत्य, टिळकवाडी, बेळगाव