तीन पायांचं कुत्रं जगतंय की, जगू द्या त्याला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याचा पाय काढायची वेळ आली की आपल्याकडं पहिला सल्ला ठरलेला असतो, इंजेक्शन देऊन मोकळं करा, तीन पायांवर काय जगणार ते. आमच्या राजारामपुरीतल्या काळूबद्दलही हेच ऐकलं, मागचा एक पाय पार चिरडलेला, डॉक्टरांनी तो वरपर्यंत काढला आणि आता गडी पोरांच्या सायकलीमागं पळतोय, म्हणून हे पत्र लिहितोय.

कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळं मागचा पाय गेला तर तोल लवकर सावरतो, पुढचा गेला तर जरा जास्त वेळ लागतो पण तेबी जमतं. बरीच कुत्री एक-दोन दिवसातच उभी राहतात. खरी अडचण फरशीची! गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतो, एकदा आपटलं की कुत्रं घाबरतं आणि उठायचंच सोडतं, मग लोकांना वाटतं ह्याच्यात आता काही राहिलं नाही. जुनी सतरंजी, पोतं काहीबी अंथरा, सुरुवातीला पोटाखालनं टॉवेल घालून आधार द्या, पण सारखं उचलून घेऊ नका, त्याचं त्याला उठू दे.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर चाटू द्यायचं नाही. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर बघून दया येते म्हणून काढू नका, एका रात्रीत टाके उसवतात. कळवळतंय म्हणून घरातली पेनकिलर तर अजिबात नको, आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते, गोळी डॉक्टरांनी दिलेलीच द्यायची. अंगात ताकद यावी म्हणून तांबडा रस्सा घालणारेही भेटले, माया कळते हो, पण कांदा-लसणानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. भात आणि हाडं काढलेलं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन बास झालं. आणि पुढं वजन वाढू द्यायचं नाही, सगळा भार उरलेल्या तीन पायांच्या सांध्यांवर येतो.

घरच्या कुत्र्याचं हे सगळं होतं, पण रस्त्यावरच्याचं काय? ऑपरेशनला पैसे गोळा होतात, डॉक्टरही मिळतात, नंतरचे दोन आठवडे ठेवायचं कुठं इथं सगळं अडतं, भाड्याच्या खोलीत घरमालक ठेवू देत नाही आणि आपल्या पावसात ओल्या जखमेनं गटाराकडेला पडलं तर ऑपरेशन पाण्यात. कोल्हापुरात पेठापेठांत तालमी आहेत, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहर एकमेकांसाठी कसं धावलं ते आपण बघितलंय. तालीम मंडळांना माझी मनापासून विनंती आहे, एक कोरडा, वर पत्रा असलेला कोपरा अशा कुत्र्यासाठी दोन आठवडे द्या. औषधपाणी, खाणं, साफसफाई त्या त्या गल्लीतली आम्ही माणसं करतो.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर