शब्दाची जात वाक्यात ठरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी शब्दांच्या जातींचा तक्ता वाचला. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याची जात आणि तळाशी सूचना, की शेवटी 'ली' आले तर क्रियाविशेषण समजावे. मुले असे तक्ते कापून वहीत चिकटवतात आणि तोंडपाठ करतात, म्हणून हे पत्र.

मी इंग्रजी शिकवते. या 'ली'पायी मुलांचे हातचे गुण जाताना दर वर्षी पाहते. फ्रेंडली, लव्हली, लोन्ली ही सरळसरळ विशेषणे आहेत. उलट 'शी रन्स फास्ट'मधल्या फास्टला 'ली' नाही, तरी ते क्रियाविशेषण. 'अ फास्ट ट्रेन'मध्ये तेच विशेषण. आणि 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो राबतो, तर 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो फारसे काम करतच नाही!

मुळात सुट्या शब्दाला जात विचारणेच चूक. राऊंड घ्या. 'अ राऊंड टेबल'मध्ये विशेषण, 'द फर्स्ट राऊंड'मध्ये नाम, 'द शिप राऊंडेड द केप'मध्ये क्रियापद, 'दे वॉक्ड राऊंड द लेक'मध्ये शब्दयोगी अव्यय, 'शी टर्न्ड राऊंड'मध्ये क्रियाविशेषण. तक्त्यात त्याच्यापुढे काय छापणार? जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. ते बहुतेक झडून गेले, आणि आज शब्दाचे काम बरेचसे त्याच्या जागेवरूनच कळते.

क्रियापद शोधताना 'क्रिया दाखवणारा शब्द' ही व्याख्या मी वर्गात बाजूलाच ठेवते. 'द जर्नी इज लाँग' या वाक्यात मुले बिनदिक्कत जर्नीवर बोट ठेवतात, कारण प्रवास ही क्रियाच ना! त्यापेक्षा वाक्य भूतकाळात न्यायला सांगावे. 'द जर्नी वॉज लाँग'. जो शब्द बदलला, ते क्रियापद. ही कसोटी सहावीच्या मुलालाही जमते.

क्रियाविशेषणात मात्र मराठी मुलांची अडचण खास आपली आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. आपण म्हणतो, 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते'. हा 'चांगला' लिंगाप्रमाणे बदलतो, रूप विशेषणाचे ठेवतो आणि काम क्रियाविशेषणाचे करतो. मग मूल 'शी सिंग्ज गुड' लिहिते, यात नवल काय? तिथे 'वेल' हवे, पण नुसती लाल रेघ मारून ते कळत नाही. दोन्ही भाषांतली वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, मुलांना फरक दिसतो.

मात्र क्रियापदानंतर नेहमी क्रियाविशेषणच येते, असेही त्यांच्या मनात भरवू नये. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. अँग्री हे तिचे वर्णन, म्हणून विशेषण. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द डोअर' म्हणजे तिने रागाने दाराकडे पाहिले, इथे क्रियाविशेषण. लुक्डच्या जागी वॉज घालून पाहा. पहिले वाक्य उभे राहते, दुसरे कोसळते.

एक विनंती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही. 'माय बुक'मधल्या 'माय'ला काही पुस्तके सर्वनाम म्हणतात, काही विशेषण, आणि आजचे व्याकरणकार त्याला डिटर्मिनर, म्हणजे नामाआधी येऊन ते कोणते किंवा कोणाचे हे ठरवणारे शब्द, या वेगळ्या गटात घालतात. जिथे जाणकारांतच एकमत नाही, तिथे एका गुणासाठी मुलांना कोंडीत का पकडायचे? असे शब्द बहुपर्यायी प्रश्नांत घालूच नयेत.

आपला पुढचा तक्ता छापताना प्रत्येक शब्दाआधी एक पूर्ण वाक्य द्यावे आणि तो शब्द त्यात अधोरेखित करावा. जागा कमी पडली तर शब्द निम्मे करा, पण वाक्ये गाळू नका.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका