घड्याळ धुण्याआधी

सोलापूर,
दिनांक २ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा पोचले. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी हौसेने घेऊन दिलेल्या ओमेगा सीमास्टरच्या साखळीत काळपट मळ साठला आहे, ते घड्याळ नळाखाली धरून धुतले तर चालेल का, आणि त्याच बैठकीत आप्पांचे जुने फेवरल्युबा हे चावीचे घड्याळही स्वच्छ करून टाकावे का, असे तू विचारले आहेस. फोनवर हे दोन मिनिटांत सांगता आले असते. पण फोनवर ऐकलेले ऐन वेळी आठवत नाही, आणि या कामात एखादी गोष्ट विसरली तर ती पुढे महागात पडते. म्हणून सविस्तर लिहितो. हा कागद समोर ठेव आणि मगच घड्याळाला हात लाव.

आधी थेट उत्तर सांगतो. सीमास्टर घरी धुता येईल. आप्पांच्या घड्याळाला मात्र पाण्याचा थेंबही लागू देऊ नकोस.

हे इतके ठासून सांगतो, कारण माझ्या हातून एक घड्याळ असेच बिघडले आहे. माझे वडील गिरणीत कामाला होते तेव्हापासूनचे त्यांचे चावीचे घड्याळ त्यांच्या पश्चात मी वापरत असे, हे तुला आठवत असेल. एका संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यात दिवसभर हिंडलो. होम मैदानावरची धूळ केसांत, कपड्यांत आणि घड्याळाच्या खाचाखाचांत जाऊन बसली होती. घरी येताच मी ते घड्याळ अंगाच्या साबणाने नळाखाली चोळून धुतले, धोतराच्या मऊ फडक्याने पुसले आणि समाधानाने फडताळात ठेवून दिले. सकाळी पाहतो तो काचेच्या आतून, बाराच्या आकड्याखाली, वाफेचे पुसट वर्तुळ धरले होते. दुपारी उन्हात ठेवल्यावर ते दिसेनासे झाले आणि मी निर्धास्त झालो. परंतु पाणी गेले नव्हते. ते काचेवरून उठून आतल्या मशीनवर बसले होते. दोन महिन्यांनी चावी जड फिरू लागली, तेव्हा मी नव्या पेठेतील एका वयस्क घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता तेच भिंग माझ्या हातात दिले. सुईएवढ्या बारीक चावीच्या दांडीवर तपकिरी गंजाचे कडे चढले होते, आणि तबकडीच्या रुपेरी रंगावर कडेकडेने तिळाएवढे डाग फुटले होते. दांडी बदलून मिळाली. डाग आजही आहेत. वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेली तबकडी माझ्या एका संध्याकाळच्या स्वच्छतेने डागाळली, याचे दुःख मला अजून होते.

त्या दिवशी घड्याळजींनी जे समजावून सांगितले, ते मी पुढे वाचून पडताळून पाहिले. साध्या पाण्याला स्वतःचा एक ताण असतो, त्यामुळे अगदी बारीक फटीच्या तोंडाशी ते थबकते. साबण हा ताण कमी करतो आणि मग तेच पाणी त्या फटीतून सहज आत उतरते. उष्णतेचेही तसेच आहे. तापलेल्या घड्याळातील हवा फुगलेली असते. त्यावर एकदम गार पाणी पडले की ती हवा आकसते आणि चावीच्या किंवा झाकणाच्या कडेने ओलावा आत ओढून घेते. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हातून घरी येऊन माठातल्या पाण्यात घड्याळ बुडवणे, हे या दृष्टीने सर्वांत वाईट. तुमच्याकडे पुण्यात उन्हाळा सौम्य असला, तरी घड्याळ काढून अर्धा तास घरातल्या सावलीत निवू दे आणि मगच कामाला बस. कढत पाणी तर कधीच घेऊ नकोस, कारण पाणी अडवणारे रबर त्याने लवकर खराब होते.

सगळी मदार या रबरावरच आहे. घड्याळ पाण्यात टिकते ही कल्पना लोकांच्या मनात रुजली ती रोलेक्सने १९२६ साली आणलेल्या ऑयस्टर घड्याळामुळे. त्याचे झाकण आणि चावी दोन्ही आटे फिरवून घट्ट बसत असत, आणि पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने इंग्लिश खाडीत उतरताना ते घड्याळ बरोबर नेले होते. तुझ्या सीमास्टरचे घराणे १९४८ पासूनचे. पाणबुडी जहाजांत वापरल्या जाणाऱ्या गोल रबरी कड्या त्यात पाणी अडवण्यासाठी बसवल्या गेल्या, आणि आजही काम त्याच कड्या करतात. तुझ्या घड्याळावर ३०० मीटर असे लिहिलेले आहे, म्हणजे ते खरोखर पाणबुड्याचे घड्याळ आहे आणि वाटीभर पाण्याची त्याला भीती नाही. मात्र ज्या घड्याळावर ३० मीटर असे असते ते तीस मीटर खोल नेण्यासाठी नसते. हात धुताना उडालेले शिंतोडे आणि पावसाचे चार थेंब एवढेच ते सोसते. हा आकडा कारखान्यातून निघालेल्या नव्या रबराचा असतो हेही विसरू नकोस. रबर वर्षागणिक कडक होते आणि त्याला चिरा पडतात, म्हणून पाण्यात जाणाऱ्या घड्याळाची दाबाची तपासणी दर वर्षी अधिकृत सेवाकेंद्रात करून घ्यावी. तुझे घड्याळ नवे आहे, त्यामुळे यंदा ती चिंता नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. बेसिनवर उभे राहून काहीही करू नकोस. ओल्या हातातून घड्याळ निसटले की खाली चिनी माती असते. जमिनीवर किंवा बुटक्या टेबलावर बस. या पत्रासोबत आपल्या सोलापूरचा एक जाड टॉवेल पाठवत आहे, त्याची चौघडी करून अंथर. हा टॉवेल फक्त खाली अंथरण्यासाठी आहे. त्याच्या फाशांत बारीक धूळ अडकून राहते, म्हणून त्याने घड्याळ पुसायचे नाही; पुसण्यासाठी चष्म्याबरोबर मिळते तसे मऊ कापड घे.

सुरुवातीला चावी आत दाबून आट्यांवर पूर्ण बसली आहे ना, हे बोटाने तपास. डाव्या बाजूला दहाच्या आकड्याजवळ दुसरी एक छोटी खुंटी आहे. खोल समुद्रातल्या कामासाठी अनेक दिवस दाबाच्या कोठीत राहणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळात हेलियम वायू शिरतो आणि दाब उतरताना तो बाहेर पडावा म्हणून ती ठेवलेली असते. आपल्याला तिचा काही उपयोग नाही, पण तीही घट्ट बंद असली पाहिजे. घड्याळ ओले असताना या दोन्हींना अजिबात हात लावायचा नाही.

एका वाटीत कोमट म्हणण्याइतकेही गरम नसलेले पाणी घे आणि आधी घड्याळ नुसते त्यात हलवून काढ, चोळू नकोस. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या एक ते दहा या मापावर त्यांचा कठीणपणा सात मानला जातो, आणि पोलाद त्याहून मऊ आहे. कोरडे असतानाच फडक्याने खसाखसा पुसले की हेच कण पोलादावर रेघा ओढतात. काच नीलमण्याची असल्याने तिचा कठीणपणा नऊ आहे आणि धुळीने तिचे काही बिघडत नाही. तरी तिच्यावर चकाकी कमी करणारा पातळ थर दिलेला असतो, म्हणून तीही हलक्या हातानेच पुसावी.

धूळ वाहून गेली की पाण्यात सौम्य द्रवसाबणाचे दोन थेंब टाक आणि लहान मुलांचा मऊ दातांचा नवा ब्रश घे. खरे काम साखळीच्या आतल्या बाजूला आहे. चाप उघडून साखळी तर्जनीवर उलटी पसरलीस की कड्यांमधल्या फटी किंचित उघडतात. त्या फटींत राखाडी, चिकट, मेणासारखा मळ दिसेल. घाम, मेलेली कातडी, पावडर, धूळ आणि तू अजून आवडीने खातोस त्या शेंगाचटणीचे तेल, या सगळ्याचा तो लगदा असतो. तो केवळ दिसायला वाईट असता तर मी एवढे लिहिले नसते. त्यातली धूळ कड्यांच्या पिनांना कानशीसारखी घासत राहते आणि साखळी हळूहळू सैल पडून लोंबू लागते. शिवाय घामातले मीठ फटीत कोंडून राहिले, तर न गंजणाऱ्या पोलादालाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ब्रश फटीच्या दिशेने, आडवा, न दाबता फिरव. जिथे दात पोचत नाहीत, म्हणजे साखळी घड्याळाला जोडलेली असते त्या कोपऱ्यात, लाकडी दातकोरणीचे टोक ओले करून वापर. टाचणी, सुई किंवा चाकूचे टोक तिथे नको. काचेभोवतीची फिरती चकती पाण्यातच एक पूर्ण फेरा फिरव. तिच्याखालून किती धूळ निघते ते पाहून तुला नवल वाटेल.

शेवटच्या धुण्याचे पाणी कोणते घ्यायचे, हे आम्हा सोलापूरकरांना अनुभवाने कळलेले आहे. उजनीचे पाणी नळाला रोज येत नाही, आणि मधल्या दिवसांत बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते. ते पाणी इतके जड असते की स्टीलच्या तांब्यावर वाळले की पांढरे ठिपके उमटतात. चकचकीत कड्यांवरही तेच ठिपके उमटतात, आणि मग ते घालवण्यासाठी माणूस घासू लागतो. म्हणून शेवटचे दोन वेळचे पाणी आरओ यंत्रातल्या पिण्याच्या पाण्यातले घे. साबणाचा अंश राहिला तर त्यावर पुन्हा धूळ चिकटते, तेव्हा निथळून येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धू. त्यानंतर कापड दाबून पाणी टिपून घे आणि साखळी उघडी ठेवून तासभर पंख्याखाली राहू दे. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नकोस, आणि घड्याळ उन्हातही ठेवू नकोस.

घरातली वडीलधारी माणसे तुला दंतमंजन, लिंबू, चिंच, खायचा सोडा किंवा भांड्यांची पावडर सुचवतील. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच ठीक आहे, पण तुझ्या साखळीच्या काही कड्या आरशासारख्या आहेत आणि काहींवर मुद्दाम बारीक समांतर रेघा ओढलेल्या आहेत; या पदार्थांनी आरसा धुरकट होतो आणि रेघा पुसल्या जातात. चांदी चमकवण्याचे औषध लावलेले कापडही त्याच कारणाने नको. सराफाच्या दुकानातले ध्वनिलहरींनी साफ करणारे यंत्र पाहून कोणी आख्खे घड्याळ त्यात टाकायला सांगेल. साखळी वेगळी काढून टाकली तर हरकत नाही, घड्याळ मात्र कदापि नको, कारण त्या कंपनांनी आतले बारीक स्क्रू सैल होऊ शकतात.

आता आप्पांच्या घड्याळाविषयी. तुझ्या वर्णनावरून त्याला सोन्याचा मुलामा आहे, काच ॲक्रिलिकची आहे आणि पट्टा चामड्याचा आहे, म्हणजे तिन्ही गोष्टी पाण्याच्या आणि घासण्याच्या विरोधात आहेत. असा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आप्पांच्या मनगटाच्या बाजूला, पट्ट्याच्या मुळाशी, तो झिजून आतले पितळ दिसत असेल आणि तिथे हिरवट थर धरला असेल. तो खरवडू नकोस. पट्टा काढून ठेव, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाड आणि कापडावर तोंडाची वाफ सोडून त्या दमट कापडाने हलकेच पूस. घरी एवढेच करायचे. काचेला स्पिरिट किंवा खिडक्या पुसण्याचे औषध लागले, तर ॲक्रिलिकला बारीक चिरा पडतात. पट्टा कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस हवेशीर सावलीत ठेव. घामाचा वास तरीही राहिला, तर नवा पट्टा घाल आणि जुना आठवण म्हणून डबीत जपून ठेव. मागचे झाकण उघडण्याचा मोह तुला होईल, कारण शाळेत असताना प्रयोगशाळेतले गजराचे घड्याळ तूच उघडले होतेस. या वेळी तो मोह आवर. आतले तेल आटले असेल, तर ते काढून नवे घालणे हे जाणत्या हाताचे काम आहे, आणि तोवर घड्याळाला चावी देऊन चालवूही नकोस. कोरडी चाके एकमेकांना खातात.

महिनाअखेरीस पुतणीच्या लग्नासाठी तू इकडे येणारच आहेस. तेव्हा आप्पांचे घड्याळ खिशात न ठेवता सुती कापडात गुंडाळून, छोट्या डबीत घालून आण. ते घड्याळजी आता दुकानात बसत नाहीत, पण चावीची घड्याळे अजून घरी उघडून पाहतात. आपण दोघे सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, त्यांच्याकडे जाऊ. झाकण उघडल्यावर आतली स्थिती त्यांच्या भिंगातून तू स्वतः पाहावीस, अशी माझी फार इच्छा आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सीमास्टर धुऊन झाले की त्या फटींतून काय काय निघाले, ते मला अवश्य कळव.

तुझा स्नेहांकित